आईला ऐकू यायचं तेव्हा

माझी आई एका मोठ्या सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तिचा बोर्ड होता. खोलीला खिडकी नव्हती. डाव्या कानावर हेडसेट, समोर दिव्यांच्या रांगा आणि पाठ दाराकडे. कचेरीतल्या साहेबांपैकी निम्म्यांना तिने कधी पाहिलंच नव्हतं, पण आवाजावरून ती सगळ्यांना ओळखायची. कोण आज घरून भांडून आलाय, कुणाला बढतीची बातमी मिळालीय, कोण 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं स्वतःच सांगतोय, हे तिला एका वाक्यात कळायचं. शाळा सुटल्यावर मी कधी कधी त्या खोलीत जाऊन बसायची. ती फोन जोडून द्यायची, माझ्याकडे वळायची आणि हळूच म्हणायची, "खोटं बोलायला हा. आजारी नाही काही, सासरवाडीला निघालाय."

घरी आमचं काही चालायचं नाही. वडील रेल्वेत होते, नांदेडकडून बदली होऊन हैदराबादला आलेले. स्वभावाने गरीब. तेही तिच्याशी खोटं बोलायचे नाहीत. बोलून काही उपयोगच नव्हता.

मी दहा वर्षांची असताना आम्ही घर शोधत होतो, तेव्हाची एक दुपार मला स्पष्ट आठवते. नारायणगुड्यात एका घरावर टू-लेटची पाटी होती. मालकाने भाड्याचा पोर्शन दाखवला, पाणी पाजलं, वडिलांची नोकरी विचारली. मग गाव विचारलं, आडनाव विचारलं. आईने आपण कोण ते सांगितलं आणि तो म्हणाला, "अरे हां, वो तो कल ही दे दिए." वडील लगेच चप्पल शोधायला लागले. आई जागची हलली नाही. ती शांतपणे म्हणाली, "दे दिए बोले तो पाटी निकालो ना. और लोगां परेशान होते." मालक म्हणाला, काढतो नंतर. आई म्हणाली, "हौ, निकालो. मैं खड़ी हूँ." आणि ती खरंच उभी राहिली. आवाज चढवला नाही, एक शब्द जास्त बोलली नाही. शेवटी त्या माणसाने स्टूल आणलं, वर चढला आणि पाटी काढली. घर काही आम्हाला मिळालं नाही. पण परत येताना मी आईचं बोट धरून अशी चालत होते, की जणू ती पाटी आम्ही जिंकून आणली.

पुढे मी शिकले. एका मोठ्या खासगी दवाखान्याच्या खरेदी विभागात नोकरीला लागले आणि आजही तिथेच आहे, मधली दोन वर्षं सोडून. हातमोजे, सलाइनच्या नळ्या, चादरी, असलं सगळं विकणारी माणसं दिवसभर माझ्यासमोर बसतात आणि 'मॅडम, याच्या खाली परवडतच नाही' असं सांगतात. त्यातलं खरं कोण आणि खोटं कोण, हे मला बऱ्यापैकी कळतं. एकदा ऑफिसने आम्हाला याच गोष्टीच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. शिकवणारे गृहस्थ पडद्यावर चेहरे दाखवत होते. कुणी नाकाला हात लावलाय, कुणी नजर चुकवलीय. ते बरंच काही सांगत होते, मला मात्र दाराकडे पाठ करून बसलेली आई दिसत होती. तिने आयुष्यभरात हे ओळखायला कधी कुणाचं नाक पाहिलं नव्हतं.

आता त्या मधल्या दोन वर्षांबद्दल. माझं लग्न पुण्याला झालं होतं. मारहाण वगैरे काही नव्हतं. नवरा बोलायचा नाही, एवढंच. दोन-दोन आठवडे एक शब्द नाही. नोकरी सोडायला लावली होती आणि माझी सगळी सर्टिफिकेटं सासूबाईंनी 'हरवू नयेत' म्हणून ठेवून घेतली होती. मी दर रविवारी सकाळी आईला फोन करायची आणि बाकीचे समोर बसलेले असायचे. एका रविवारी आईने नेहमीसारखं विचारलं, "कशी आहेस?" मी म्हणाले, "मजेत." ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी ती दारात उभी होती. हातात एक पिशवी, थेट गाडीतून उतरलेली, केस विस्कटलेले. सासूबाईंना म्हणाली, "हिला न्यायला आले." मग तिने चहा घेतला, चहा चांगला झालाय म्हणाली आणि माझे कपडे आणि कागद मागितले. कपडे मी भरले. कागदांबद्दल सासूबाई म्हणाल्या, "ते बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. आणि चावी ह्यांच्याकडे असते, हे गावाला गेलेत."

आई म्हणाली, "मग ते येईपर्यंत मी बसते."

ती खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर. भांडण नाही, टोमणा नाही. सासूबाई आत गेल्या, बाहेर आल्या, मुलाला फोन केला, पुन्हा आत गेल्या. आईने विचारलंही नाही की काय ठरलं. दीड-एक तास गेला असेल. मग आतून कपाट उघडल्याचा आवाज आला आणि सासूबाईंनी माझी निळी फाइल आणून टेबलावर ठेवली. आईने एकेक कागद पाहिला, "आभारी आहे" म्हणाली आणि उठली.

गाडीत मी तिला विचारलं, की तुला कळलं कसं. मी तर एकच शब्द बोलले होते.

"तो शब्द बोलायच्या आधी तू श्वास घेतलास," ती म्हणाली. "मजेत म्हणायला कशाला दम घ्यावा लागतो माय?"

आणि सासूबाईंचं? तर म्हणाली, "खोटं बोलणाऱ्याला एक कारण पुरत नाही. लॉकर एक, चावी दोन, गाव तीन. मी काही न बोलता बसले, तर चौथं शोधता शोधता दमली बिचारी."

'बिचारी' म्हणाली ती. राग नव्हता तिच्या बोलण्यात. मी खिडकीकडे तोंड करून सोलापूर येईपर्यंत रडत होते आणि तिने मला रडू दिलं.

वडील गेले. आई निवृत्त झाली. आम्ही दोघीच नारायणगुड्यात पहिल्या मजल्यावर राहत होतो. आईचं ऐकणं नक्की कधी कमी व्हायला लागलं, ते मला सांगता येत नाही. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मग दारावरची घंटा. मग फोनवर ती 'हां, हां' म्हणायला लागली, तेव्हा मला समजलं, कारण आई कधीच नुसतं 'हां' म्हणणारी नव्हती. डॉक्टर म्हणाले वयाने होतं, डाव्या कानाला जास्त आहे. घरी आल्यावर ती म्हणाली, "राहू दे. जेवढं ऐकायचं तेवढं ऐकून झालं."

मी तिला कोठीच्या बाजारात नेऊन कानाचं मशीन घेतलं. दुकानातल्या मुलीने ते बसवलं आणि आई एकदम दचकली. तिला पंखा ऐकू येत होता, कागद ऐकू येत होता, बाहेरच्या रस्त्यावरचे सगळे हॉर्न एकाच वेळी ऐकू येत होते. दोन दिवस वापरून तिने ते डबीत ठेवलं. "आवाज आलेत," म्हणाली, "पण सगळ्यांचा एकच आहे. पत्र्याचा. त्यात माणूस सापडत नाही." तेव्हापासून बाहेर जाताना आठवण झाली तर लावते, नाही तर नाही.

मागच्या वर्षी आमचे घरमालक वारले. त्यांच्या मुलांनी घर बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि आम्हाला तीन महिन्यांत खाली करायला सांगितलं. म्हणजे पुन्हा टू-लेटच्या पाट्या. फरक एवढाच, की आता पुढे मी होते आणि मागे, जिन्याच्या कठड्याला धरून, आई.

आईचा एक नियम होता आणि तो तिने या वयातही सोडला नाही. कोणत्याही मालकाला आपण कोण ते आधी सांगायचं. माझं आडनाव असं आहे, की त्यावरून जात चटकन कळत नाही. माझ्या ऑफिसातले लोक मला पुण्या-मुंबईकडची समजतात. मी आईला म्हटलं, "कशाला सांगायचं? सामान लावल्यावर भिंतीवरचे फोटो बघून कळेलच त्यांना." ती म्हणाली, "तेव्हा कळलं तर आपण लपवलं असं होईल. आपण काय चोरी केली?"

चिक्कडपल्लीचं एक घर तिला फार आवडलं होतं. दुसरा मजला, पण जिना सोपा. मालकीणबाई तेलुगू, पन्नाशीच्या, हसऱ्या. खिडकीत डब्यांमध्ये अबोली लावलेली. आई त्या फुलांपाशी जाऊन उभी राहिली. मालकीणबाई माझ्याशी बोलत होत्या. मराठी लोक स्वच्छ असतात म्हणाल्या, पुण्याचे का विचारलं, सॉफ्टवेअरमध्ये का विचारलं. भाडं त्यांनी स्वतःहून थोडं कमी केलं. मी मनात आमचं कपाट कुठे बसेल ते ठरवत होते.

तेवढ्यात आई खिडकीकडून वळली आणि म्हणाली, "हम नांदेड साइड के हैं, अम्मा. बौद्ध हैं. मटन-मच्छी खाते. ये मेरी बेटी है, मियाँ से अलग हो गई, नौकरी करती."

मालकीणबाईंचं हसू तसंच राहिलं. त्यांनी श्वास घेतला. मला तो ऐकू आला.

"अरे, मैं बताना ही भूल गई," त्या म्हणाल्या. "हमारे चुट्टालू आने वाले हैं." चुट्टालू म्हणजे नातेवाईक. "भाई का लड़का. कॉलेज है ना उसका इधर. और ऊपर की मोटर भी खराब है, आप लोगों को तकलीफ होती."

दोन कारणं. मी मनात मोजली. आणि मग मी आईकडे पाहिलं, कारण आता आई बोलणार. आता ती म्हणणार, पाटी काढा, मी उभी आहे. दहा वर्षांच्या मुलीसारखी मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

आईने उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणायल्या?"

मला दोन गोष्टी सांगता आल्या असत्या, त्या म्हणाल्या ते किंवा खरं काय ते. मी म्हणाले, "त्यांचा भाचा यायलाय, शिकायला. त्याला द्यायचंय म्हणे घर."

आईचा चेहरा उजळला. तिने त्या बाईंना हात जोडले आणि म्हणाली, "बहुत अच्छा. बच्चे की पढ़ाई पहले. अच्छा पढ़ेगा." त्या बाईंनी मान खाली घातली. आईने मला आमचा नंबर लिहून द्यायला लावला, भाचा नाही आला तर फोन करा म्हणून. मी लिहून दिला.

ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "चांगली बाई होती. आपलं नशीब नाही."

तिला खरं सांगायचं का, याचा मी नंतर खूप विचार केला. एकीकडे वाटायचं, बरंच झालं. जन्मभर जे तिला ऐकावं लागलं, ते एकदा तरी ऐकू आलं नाही. आता तिच्या जगात माणसं घर नाकारतात ती भाचे शिकायला येतात म्हणून. एवढं तिला असू द्यावं. दुसरीकडे असं वाटायचं, की मी तिच्या हातातलं काहीतरी काढून घेतलंय आणि तिला पत्ताही नाही. कामावर जाताना माझी बस त्याच रस्त्याने जायची. पाटी तशीच होती. पुढचे तीन आठवडे होती. आणि आई दोन-तीन दिवसांनी विचारायची, "त्या बाईचा फोन आला का गं?" मी म्हणायची, "नाही." ते तेवढं खरं होतं.

शेवटी घर मिळालं ते कोठीच्या अलीकडच्या एका गल्लीत. जुनं बैठं घर, मध्ये अंगण. पुढच्या बाजूला मालक आणि त्यांची बायको, मागच्या दोन खोल्या भाड्याला. मालक सत्तरीचे, पांढरा कुर्ता, तोंडात अदब. बायको पडद्याआड होती, फक्त बांगड्या वाजायच्या. आई त्या दिवशी मशीन घरी विसरली होती.

खोल्या मोठ्या होत्या. पण आतल्या खोलीत तीन भिंती जुन्या पिवळ्या आणि एकाच भिंतीला ताजा रंग होता. मी हात लावून पाहिला. गार होती. मी मालकांना विचारलं, ओल येते का. ते म्हणाले, नाही नाही. आणि मग, मी पुढचं विचारायच्या आत, "देखो बेटा, जल्दी बोलो. शाम को दूसरी पार्टी आ रही, अडवान्स लेके."

आई अंगणात उभी होती. तिने विचारलं, "काय म्हणायले?"

तिला ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने, जवळजवळ ओरडून सांगितलं, "ते म्हणतात, संध्याकाळी दुसरे लोक येणारेत. अ‍ॅडव्हान्स घेऊन."

"किती वाजता?"

मी मालकांना विचारलं, "अम्मी पूछ रही, कितने बजे?"

"पाँच... छह," ते म्हणाले.

"पाच-सहाला," मी ओरडले. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली.

"ते आपल्या आधी येऊन गेले का?" आईने विचारलं. मी तेही विचारलं. मालक म्हणाले, हो, परवा. मी तेही ओरडून सांगितलं.

आई दोन पावलं पुढे आली आणि मालकांना म्हणाली, "तो उनको देओ, भाईसाब. वो पहले आए. उनका हक है. हम दूसरा देख लेंगे." आणि ती निघालीच. तिला त्यात कसलाही डाव टाकायचा नव्हता. तिने त्यांचं बोलणं खरं मानलं होतं आणि खऱ्याला जे करायचं ते करत होती.

मालक दोन पावलं तिच्या मागे आले. पडद्याआडून बांगड्या वाजल्या आणि त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बस करो जी. बोल दो अम्मा को. चार महीने से एक आदमी नहीं आया."

मालकांनी कपाळ पुसलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. आधीचे भाडेकरू ओलीमुळेच सोडून गेले. मुलगा परदेशात, दुरुस्तीला पैसे पाठवतो म्हणतो. घाईघाईत रंग मारून घेतला. "झूट बोलने की आदत नहीं है," ते म्हणाले, आणि त्या एका वाक्यात मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला.

मग माझं काम मी केलं. भाडं त्यांनी सांगितलं तेच देऊ म्हटलं, पण भिंत आधी बाहेरून नीट झाली पाहिजे. नुसता रंग नको. ते म्हणाले, बघू. मी गप्प राहिले. आईकडून शिकलेली एवढी एकच गोष्ट मला चांगली जमते. पडद्याआडून पुन्हा आवाज आला आणि ठरलं, की महिना सुरू व्हायच्या आत गिलावा होईल, आणि झाला नाही तर एक महिना भाडं नाही.

सगळं ठरल्यावर आईने आपलं वाक्य म्हटलंच. नांदेड, बौद्ध, मटण-मच्छी, मुलगी नवऱ्यापासून वेगळी. मालक ऐकत राहिले आणि म्हणाले, "तो?" म्हणजे, मग काय झालं? आईला ते ऐकू आलं नाही. मी तिला सांगितलं, "हरकत नाही म्हणतात." पण त्यांच्या त्या एका अक्षरात जे होतं, ते मला तिला देता आलं नाही. ते तिने ऐकायला हवं होतं. इतक्या वर्षांत इतकी घरं हिंडलो. असं 'तो?' कुणी म्हटलं नव्हतं आणि म्हटलं तेव्हा तिच्यापर्यंत पोचलं नाही.

आता सहा-सात महिने झाले आम्हाला इथे. भिंत कोरडी आहे. मालकांची बायको आणि आई दुपारी अंगणात बसतात. दोघी एकमेकींना काय सांगतात देव जाणे. एक हळू आवाजात उर्दू बोलते, दुसरीला ऐकू येत नाही. पण आई खुश असते.

मी मात्र कधी कधी ऑफिसातून येते तेव्हा वाटतं, कुणीतरी मला पकडावं. दार उघडताच ओळखावं. मागच्या महिन्यात माझ्या हाताखालच्या एकाने माझ्या सहीखाली चुकीची मागणी घातली आणि सगळं माझ्यावर आलं. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. घरी आले. आई भाजी निवडत होती. "कसा गेला दिवस?" तिने विचारलं.

मी श्वास घेतला आणि म्हणाले, "छान."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मेथीची जुडी सोडायला लागली.

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी होते. तिचे हात चालले होते. ती वर बघेल म्हणून मी थांबले, बराच वेळ. मग चपला काढल्या, तिच्या उजव्या बाजूला जाऊन खाली बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आई, नाही गेला चांगला. फार वाईट गेला." मोठ्याने म्हणावं लागलं. पलीकडे मालकांचा टीव्ही एकदम बारीक झाला, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं असणार.

आईने जुडी बाजूला ठेवली. "मग आधी छान कशाला म्हणालीस?"

"तुला कळेल म्हणून," मी म्हणाले. पण ते मी हळू म्हणाले आणि तिने पुन्हा कान पुढे केला. मी मान हलवली, काही नाही म्हणून. मग झालं ते सगळं मी तिला पहिल्यापासून सांगितलं, एकेक वाक्य, ओरडून. सांगता सांगता घसा बसला. तिने मध्येच उठून पाणी आणलं आणि म्हणाली, "हां, पुढे?"